अण्णांचा आरसा

त्या खडूस माशाचे उपकार चारुलता जन्मात विसरणार नव्हती.

लखनौला वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या तिच्या घरी खाऱ्या पाण्याची मोठी टाकी होती. तिच्यात प्रवाळाच्या आडून रॅस जातीचे रंगीत मासे फिरत. त्यांतला जुना लाल नर तर टाकी आपल्या बापाचीच असल्यासारखा वागे. तिच्या नवऱ्यानं, सत्यजितनं, नवा पिवळा नर आणून सोडला, तर ह्यानं त्याला दगडामागून डोकावूसुद्धा दिलं नाही.

घरातही तेच! एकटे पडलेले तिचे बाबा नागपूरहून कायमचे राहायला आले, तेव्हापासून रेल्वेतून निवृत्त झालेले तिचे सासरे, अण्णा, त्यांच्याशी धड बोलत नव्हते. पेपरही वाचून झाला की स्वतःच्या उशीखाली ठेवत.

"टाकीच्या काचेला बाहेरून आरसा लावू," सत्यजित म्हणाला. "जुना आपल्याच प्रतिबिंबाशी भांडत बसेल. नव्याला तेवढीच उसंत."

"बिचारा नवखा आहे," म्हणत अण्णांनीच आपला दाढीचा आरसा काचेला टेकवला. चारुलतानं हसू दाबत बाबांकडे पाहिलं.

लाल नर आरशासमोर पर फुलवून मिरवू लागला आणि पिवळा हळूच बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा बाल्कनीतल्या उन्हात गालाला फेस लावून बसले होते. त्यांचा आरसा अजून टाकीलाच होता. समोर बाबा आपला आरसा दोन्ही हातांनी धरून उभे होते.

"जरा उजवीकडे घ्या, व्याही," अण्णा म्हणाले. "हां, बस्स. आणि पेपर आज आधी तुम्ही वाचा."