लाल डोळ्यांची मासोळी

"व्याली! बाबा, माझी व्याली!"

पुढच्या रांगेतली एक बाई काचेची बरणी डोक्यावर धरून उभी राहिली आणि सगळा हॉल उठला. खुर्च्या सरकल्या, कुणाची तरी पर्स पायाखाली गेली, मागच्या बाया पुढच्यांच्या खांद्यावर चढायच्याच बाकी राहिल्या. बरणीत एक राखाडी मासोळी होती आणि तिच्याभोवती काळ्या ठिपक्यांसारखी इवली इवली पिल्लं पळत होती. आत नर नाही, दुसरा मासा नाही, आणि तरीही मासोळी बाळंतीण! बरणीवाल्या बाईच्या डोळ्यांना धार लागली होती. शेजारच्या दोघी तिला मिठ्या मारून रडत होत्या.

थोरली मागच्या भिंतीला टेकून हे बघत होती. शाळेत जीवशास्त्र शिकवून ती थेट इथे आली होती आणि पायांचे तुकडे पडायची वेळ आली होती. दिवसभर मुलांना "प्रश्न विचारा रे" म्हणून घसा कोरडा करायचा, आणि संध्याकाळी ही तऱ्हा. तिला राग यायला हवा होता. पण रागवायलाही अंगात त्राण लागतं.

ती आली होती धाकट्या जावेसाठी. धाकटीला आज सकाळी राहवलं नव्हतं. भांडी विसळता विसळता तिने हळूच सांगितलं होतं, "ताई, मला पुन्हा दिवस गेलेत." याआधी दोनदा गर्भ टिकला नव्हता. मग डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, थायरॉईडचा त्रास सापडला, रोजची गोळी सुरू झाली. "काही झालं तरी ही गोळी स्वतःच्या मनाने सोडायची नाही," असं त्यांनी बजावून सांगितलं होतं. आणि धाकटीने ती सोडली होती, पाणीबाबाच्या सांगण्यावरून.

"औषध म्हणजे काय?" मंचावर पाणीबाबा विचारत होते. पांढराशुभ्र सदरा, गालाला चिकटलेला माईक, आवाज लोण्यासारखा. "औषध म्हणजे अविश्वास! आणि पाणी म्हणजे काय? पाणी म्हणजे स्मृती! स्मृती म्हणजे काय? ऊर्जा! आणि जिथे ऊर्जा आहे, माझ्या लेकींनो, तिथे नराचं काय काम?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ऊर्जा म्हणजे काय हे शिकवता शिकवता थोरलीचं अख्खं वर्ष सरायचं. बाबांनी ते एका दमात उरकलं होतं.

बाबांची पद्धत सोपी होती. मूल हवं असलेल्या बाईला एक बरणी मिळायची, तिच्यात एकच मासोळी. बरणी उशाशी ठेवायची, रोज सकाळी तिच्यातलं घोटभर पाणी प्यायचं, बाकी सगळी औषधं बंद. मासोळी व्याली की बाईची कूस उघडली. नाही व्याली, तर बाईच्या मनात खोट. अशा खोटवाल्या बायांना बाबांनी मागची रांग दिली होती. धाकटी त्याच रांगेत बसली होती, बरणी मांडीवर घेऊन, मान खाली घालून. मासोळीची शी मिसळलेलं ते पाणी पिऊन तिचं पोट आठवडाभर बिघडलं होतं, पण तेही ती आपल्याच मनातल्या खोटीच्या खात्यावर टाकत होती. मासोळी व्याली नाही तर पोटातलं बाळही राहणार नाही, असं बाबांनी तिला चारचौघांत ऐकवलं होतं.

थोरली तिला उठवायला पुढे गेली आणि बरणी बघून जागच्या जागी थबकली.

मासोळी फिकट सोनेरी होती आणि तिचे डोळे लाल होते. थोरलीने शेजारच्या बरणीत पाहिलं. तिथेही लाल. पलीकडे लाल. अख्ख्या मागच्या रांगेच्या मांडीवर लाल डोळे.

"अगं बाई!" ती स्वतःशीच म्हणाली. "या तर माझ्या घरच्या!"

घराच्या मागच्या गॅलरीत थोरलीच्या काचेच्या टाक्या होत्या. गप्पी मासे वाढवणं हा तिचा वर्षानुवर्षांचा नाद. लाल डोळ्यांची ही जात तिने निवडून निवडून जोपासली होती आणि गावात दुसऱ्या कुणाकडेही ती नव्हती. जात शुद्ध राखायची तर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून करावी लागते. पिल्लं वयात यायच्या आत नर एका टाकीत आणि माद्या दुसऱ्या टाकीत. मध्यंतरी मासेविक्या दुकानदाराचा फोन आला होता, "बाई, माद्या आहेत का? कसल्याही चालतील. एक गिऱ्हाईक नुसत्या माद्याच उचलतंय, माझ्याकडच्या संपल्या." माद्यांना एरवी कोण विचारतं, सगळ्यांना रंगीत शेपटीचे नर हवे असतात. थोरलीने खुशीने माद्यांची अर्धी टाकी रिकामी करून दिली होती. गिऱ्हाईक कोण, हे आता समोर दिसत होतं.

तिने वर्गातल्या मुलीसारखा हात वर केला.

"बाबा, एक शंका आहे."

"शंका म्हणजे पाण्यातला कचरा, ताई."

"असेल. मग काढूनच टाकू या. मागच्या रांगेतल्या बायांनो, बरण्या जरा वर धरा. डोळे बघा बरं मासोळीचे. कसे आहेत?"

"लाल," दोघीतिघी चाचरत म्हणाल्या.

"आणि पुढच्यांनो, तुमच्या व्यालेल्या मासोळ्यांचे?"

"काळे." आता माना वळायला लागल्या होत्या. बरण्या या हातातून त्या हातात जायला लागल्या. काळ्या डोळ्यांच्या बहुतेक सगळ्या व्यालेल्या, लाल डोळ्यांची एकही नाही. हॉलमध्ये कुजबुज पसरली.

बाबा मात्र कसलेले. एक क्षण डोळे मिटले आणि हात उंचावले. "पाहिलंत? पाणी स्वतः बोललं! लाल डोळे ही पापाची खूण!"

मागच्या रांगेतल्या बरण्या झरकन खाली गेल्या. एकीने तर पदराआड लपवली. ते बघून मात्र थोरलीच्या अंगात कुठून कोण जाणे, जोर आला.

"पापाची खूण कसली? माझ्या गॅलरीत वाढल्यात त्या! जन्मल्यापासून त्यांनी नराचं तोंड पाहिलेलं नाही, मग व्यायच्या कशा? आणि तुमच्या काळ्या डोळ्यांच्या मासोळ्या दुकानातल्या टाकीत नरांबरोबर राहून आल्यात. गप्पीची मादी एकदा नराजवळ गेली की त्याचं बीज पोटात साठवून ठेवते. त्यानंतर महिनोन्महिने, नर जवळ नसला तरी, ती पुन्हा पुन्हा पिल्लं देते. बाबांनी तुमच्या हातात बरणी दिली तेव्हाच ती भरलेली होती. त्यात जागा बदलली की भरलेली मादी बावरते आणि लवकर पिल्लं टाकते. पाण्याची स्मृती नाही, बायांनो, मादीचं पोट!"

कुणीतरी फिसकन हसलं. बाबांनी आवाज आणखी मऊ केला. "विज्ञानाला मर्यादा असतात, ताई."

"असतात ना. पण हे त्या मर्यादेच्या बरंच आत आहे. माझ्याकडची एक मादी आणून देते. सगळ्यांसमोर तिच्यावर हात ठेवा आणि पिल्लं होऊ द्या. मी तुमच्या पाया पडेन."

"परीक्षा घेणाऱ्याला पाणी उत्तर देत नाही," बाबा म्हणाले आणि माईक बंद झाला. दोन स्वयंसेवकांनी थोरलीला दाराकडे न्यायला सुरुवात केली. ज्यांची मासोळी व्याली होती त्यांनीच सगळ्यात जास्त आरडाओरडा केला. एक जण ओरडली, "तुम्हाला लेकरू आहे बाई! तुम्हाला काय कळणार आमचं दुःख?"

ते मात्र लागलं. थोरलीची लेक कामाला लागून वेगळी राहायला गेली होती. त्या बाईला द्यायला तिच्याकडे फक्त माशांची माहिती होती.

धाकटी तिच्या मागोमाग घरी आली. स्वयंपाकघरात ओट्यावर बरणी ठेवून ती खुर्चीत बसली.

"ताई, खरंच तुमच्याच आहेत त्या?"

"माझ्याच. ये गॅलरीत, बहिणी दाखवते तिच्या."

"मग मासोळी व्याली नाही तरी..."

"मासोळीचा आणि तुझा काय संबंध गं?" थोरलीचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. ती समोरच्या खुर्चीत धपकन बसली. "दमले बघ मी. शाळेत शिकवते, हॉलमध्ये शिकवते, आता घरातही शिकवू? तुला इतकं सगळं माहीत होतं. रिपोर्ट तू स्वतः वाचलास. मग का गेलीस त्या माणसाकडे?"

धाकटी रडायला लागली. "डॉक्टर म्हणतात, बघू. तुम्ही म्हणता, बघू. एकटा तोच म्हणाला, होणारच. मला कुणीतरी होणारच म्हणायला हवं होतं हो, ताई."

इतक्या वर्षांत अंधश्रद्धेवर केलेली तिची सगळी भाषणं त्या एका वाक्यापुढे फिकी पडली होती. तिने उठून धाकटीच्या पाठीवर हात ठेवला.

"होणारच असं मी म्हणणार नाही. मला माहीत नाही ते. मलाही भीती वाटते, तुझ्याइतकीच. पण गोळीने बाळ टिकायची शक्यता वाढते हे माहीत आहे, आणि त्या पाण्याने जुलाब होतात हेही माहीत आहे. गोळ्या टाकून दिल्यास का?"

"नाही. डब्यामागे ठेवल्यात."

थोरलीने तिथल्या तिथे डॉक्टरीणबाईंना फोन लावून फोन धाकटीच्या हातात दिला. धाकटीने सगळं सांगितलं, बोलणीही खाल्ली, आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे गोळी घेतली. साध्या, नळाच्या, गाळलेल्या पाण्याबरोबर. दुसऱ्या दिवशी दोघी तपासणीला गेल्या.

धाकटीची मासोळी थोरलीने एका छोट्या टाकीत सोडली, एक दिवस तिच्यासोबत नर ठेवला आणि मग तो काढून घेतला. मागच्या रांगेतल्या बायांना तिने निरोप धाडले, कधीही या, डोळ्यांनी बघा. निम्म्या आल्याच नाहीत. काही जणी कुणी बघत नाही ना अशा बेताने आल्या. बाबांची सभा पूर्वीसारखीच भरत होती. झाल्या प्रकारातून त्यांनी एवढाच बोध घेतला होता की, मासोळ्या काळ्या डोळ्यांच्याच आणायच्या.

महिना उलटला आणि एका दुपारी धाकटीनेच हाक मारली. टाकीत एकटी, लाल डोळ्यांची मासोळी, आणि पाणवनस्पतीच्या आडोशाला फिकट पिल्लं. ज्या मासोळीला पाप म्हटलं होतं तीच व्याली होती, आणि मंत्र एवढाच की एक दिवस तिला नर मिळाला होता.

आलेल्या बाया वाकून वाकून बघत होत्या. त्यांतल्या एकीने, वयाने जरा मोठी होती ती, काचेवर बोट ठेवून हळूच विचारलं, "म्हणजे माझ्या मनात खोट नव्हती?"

"नव्हती हो. तुमच्या मासोळीला नरच मिळाला नव्हता."

त्या बाईने डोळे पुसले आणि धाकटीकडे पाहिलं. "तुझं कसं आहे?"

"ठोके ऐकू आले परवा," धाकटी म्हणाली. "पुढचं अजून बघायचंय."

"हे बघा," थोरली म्हणाली, "माझं सांगणं एवढंच. कुणी चमत्कार दाखवला तर आधी विचारा, हे आणलं कुठून? आणि ज्यांच्या बाबतीत तो घडला नाही, त्यांना मागे का बसवलं? एवढं विचारूनही ज्याला राग येत नाही, त्याच्याकडे खुशाल जा. आणि कुणाच्याही शब्दावर औषध सोडू नका, माझ्यासुद्धा."

त्या बाईने मान डोलावली. पिशवीतून फोन काढला आणि धाकटीला म्हणाली, "तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंचा नंबर दे गं मला."