केबिनमधले कंगवे

सीटखालून चौथा कंगवा निघाला, तेव्हा गोटीच्या आईने तो थेट नवऱ्याच्या नाकासमोर धरला.

“हे काय?”

“कंगवा,” ट्रकच्या पायरीवर बसलेला गोटीचा बाबा टायरकडे बघत म्हणाला.

“ते मलाही दिसतंय. डोक्यावर केस चार आणि कंगवेही चार? प्रत्येक केसाला वेगळा?”

गोटीला कडेवर घेऊन फाटकाशी उभ्या असलेल्या सासूबाई खुदकन हसल्या. “लग्नात होते गं त्याला केस. पुढचं तुझं तू बघ.”

घर पाहावं बांधून, असं ज्याने म्हटलं त्याने ट्रकची केबिन कधी आवरून पाहिली नसावी. सकाळपासून तिच्या हाती लागलं होतं ते असं: सेल नसलेल्या बॅटऱ्या, मोडक्या काडीची छत्री, एकात एक अडकलेले पेले, पीठ झालेला बिस्किटांचा पुडा. सगळं रस्त्यात विकत घेतलेलं. कारण घरून बांधून दिलेलं ऐनवेळी कुठल्या तरी सांदीत गडप झालेलं असायचं.

पण या पसाऱ्याला तिने हात घातला होता तो वेगळ्याच कारणाने. मागच्या खेपेहून तो परतला, हात पसरून गोटीपुढे उकिडवा बसला आणि गोटीने भोकाड पसरलं. परका माणूस अंगावर आल्यासारखं. “दाढीला घाबरली,” म्हणून तो हसला आणि लगेच दाढी करून आला. तरी ती रडलीच. टॉवेल खांद्यावर टाकून तो दारात उगाच उभा राहिला. तेव्हाच गोटीच्या आईने मनाशी ठरवलं: या खेपेला आपण दोघींनी बरोबर जायचं.

“जागा कुठाय केबिनमध्ये?” तो म्हणाला होता. “आणि लेकरू बरोबर असलं की पावलापावलाला खर्च. दूध घ्या, पाणी घ्या, टोपी घ्या.”

“जागा मी करते. आणि रस्त्यात एक पैसा जाऊ देत नाही. गेला तर पुन्हा बरोबर यायचं नाव काढणार नाही.”

बोलून बसली खरी. आता तिने त्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं.

“डोळे मिटा. तहान लागलीय. हात न्या.”

त्याचा हात डावीकडे गेला. ती बाटली उजवीकडे ठेवून बसली होती. तिने मुकाट्याने बाटली डावीकडे टांगली.

“आता पुसायचं फडकं. आता चष्मा.”

“अगं, डोळे मिटून गाडी चालवायचीय का मला?”

“गाडी डोळे उघडून. वस्तू डोळे मिटून.”

असं करत करत सगळं जागेवर बसलं. खाण्याचे डबे सीटमागे, थर्मास दोरीने बांधून, दोर नि नट आवळायचे पाने पायांशी. आणि औषधं! तापाचं, खोकल्याचं, उलटीचं, शिवाय सांडलं तर म्हणून प्रत्येकाची दुसरी बाटली. कॉलेजात ती संख्याशास्त्र शिकली होती. त्यातलं तिच्याजवळ एवढंच उरलं होतं, की जे बिघडू शकतं ते बिघडतंच. एवढं होऊनही मागच्या फळीवर दोघींना ऐसपैस बसता येईल इतकी जागा निघाली. कंगवे तेवढे तिने सासूबाईंच्या हवाली केले.

“हे ठेवा घरी. डोईजड झालेत.”

दुसऱ्या दिवशी पहाटे तिघं निघाले. दुपारपर्यंत गाडी कुठेही विनाकारण थांबली नाही. त्याने हात न्यावा आणि वस्तू हातात यावी. गोटीची आई मनातून अशी फुलली होती की विचारू नका. एकच सल होता. गोटी तिच्या कुशीतून बाबाकडे चोरून बघायची आणि त्याने वळून पाहिलं की तोंड लपवायची.

मग एका पत्र्याच्या टपरीपाशी त्याने गाडी बाजूला घेतली.

“काय संपलं?” तिने दचकून विचारलं.

“संपलं काही नाही.” त्याचे कान लाल झाले. “कंगवा नाहीये.”

गोटीला कडेवर घेऊन ती खाली उतरते न उतरते तोच टपरीतली म्हातारी हात पुसत बाहेर आली.

“आली का गोटी! दाढा आल्या का गं? अजून बाबाचा सदरा उशाशी लागतो का झोपायला?” मग गोटीच्या आईला आपादमस्तक न्याहाळून, “आणि तू ती. गॅस बंद केला का, ते तीनदा बघून येणारी.”

“तुम्हाला कसं...”

“अगं, हा कंगवा घ्यायला येतो आणि चहा गार होईस्तोवर तुमचंच पुराण लावतो. नुसतं बसायला लाजतो ना! आणि माझ्याकडे सगळ्यात स्वस्त कंगवाच.”

गोटीचा बाबा पुन्हा टायर बघत होता. त्या टायरमध्ये एवढं बघण्यासारखं काही नव्हतं.

“आज काय देऊ?” म्हातारीने केबिनमध्ये डोकावून पाहिलं. “सगळं जिथल्या तिथे दिसतंय.”

सगळं आहे, हे शब्द गोटीच्या आईच्या अगदी ओठांवर होते. सकाळपासून ती ते म्हणायची वाट पाहत होती.

“एक कंगवा द्या,” ती म्हणाली. “लाल.”

“खर्च झाला,” तो हळूच म्हणाला. “आता पुढच्या खेपेला यायचं नाव काढणार नाहीस.”

“नाहीच काढणार. तुम्ही काढा.”

तो हसला, आणि हसताना टपरीपुढच्या बाकावर खाली बसला. लाल कंगवा पाहून गोटी आईच्या कडेवरून घसरत उतरली. तो मुठीत धरून ती बाकावर चढली, बाबाच्या खांद्याला धरून उभी राहिली. क्षणभर तिने त्या चकचकीत डोक्याचा नीट विचार केला. मग जीभ बाहेर काढून, कपाळापासून मानेपर्यंत, ती त्याचे केस विंचरू लागली.

म्हातारीने चहा आणून ठेवला. तो मान खाली घालून तसाच बसून राहिला. चहावर साय धरली, तरी त्याने डोकं हलवलं नाही.