म्हातारीच्या खोलीतला दिवा

मोहिनीचं पत्र आहेर सरांनी गेल्या दिवाळीत वाचलं, त्याची घडी घातली आणि एका जाड पुस्तकात ठेवून दिलं. उत्तर लिहायला ते तीनदा बसले. तिन्ही वेळा 'चि. मोहिनीस अनेक आशीर्वाद' यापुढे पेन हललं नाही. आता दुसरी दिवाळी तोंडावर आली होती.

तिनं विचारलं होतं एवढंच: 'सर, सगळं तुमच्यासारखंच करते. मग माझ्या म्हाताऱ्या खारी तुमच्या खारींसारख्या का वागत नाहीत? माझं काय चुकतंय?'

तिचं काहीच चुकत नव्हतं.

१९९३ साली नाशिकच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना सरांनी दोन खोल्यांत खारी पाळल्या होत्या. एकीत तरण्या माद्या, दुसरीत वयस्कर. अंधार पडला की मेंदूतून मेलाटोनिन नावाचं संप्रेरक पाझरतं. रात्र लांबली की जास्त वेळ पाझरतं, आणि त्यावरून खारीला उमगतं, की पिलांचा हंगाम सरला. सरांनी खिडक्यांना काळं कापड लावून दोन्हीकडे चौदा तासांची रात्र केली. तरण्या माद्यांचा हंगाम थांबला, म्हाताऱ्यांचा काही थांबेना. वय झालं की शरीर रात्रीचं ऐकेनासं होतं, असं सरांनी लिहिलं. जन्मभरात छापून आलेला तो एवढाच लेख. कळवणहून येऊन पहिल्या बाकावर बसणारी मोहिनी तो वाचूनच खारींच्या संशोधनाला लागली.

पुढं सर निवृत्त झाले. त्या दिवशी पिंजऱ्यांची देखभाल करणारा सहादू हार घालता घालता सहज बोलून गेला. म्हाताऱ्यांतली एक मादी आली तेव्हाच गाभण होती, ती व्याली, हे सरांना ठाऊक होतं. सहादूनं पाचवीपासून सव्वा महिना रोज रात्री त्या खोलीत दिवा तेवत ठेवला, हे ठाऊक नव्हतं. बाळंतिणीला कुणी अंधारात ठेवतं होय? सर हसले, आणि घरी येऊन जेवले नाहीत. त्या खोलीत रात्र झालीच नव्हती, मग म्हाताऱ्यांचा हंगाम थांबणार कसा?

सात वर्षं त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. सहादूलाही नाही.

आज सहादू पेठहून नवा तांदूळ घेऊन आला होता. चहा बशीत ओतत म्हणाला, "मोहिनीताई आल्ती कालिजात. रिकाम्या खोल्या बघत व्हती. म्हने, सहादूभाऊ, माझा हातच वाईट. मार्चात सोडून देते सगळं."

सरांचा कप बशीवर वाजला. "तिचा हात वाईट नाही."

"मंग सांगा की तिला!"

सरांनी तांदळाच्या पिशवीकडे बघत दिव्याची गोष्ट सांगितली. सहादूची बशी हातातच राहिली.

"म्हंजे म्या नासवलं, सर?"

"नाही रे. मी एकदाही संध्याकाळनंतर तिकडं फिरकलो नाही. दार उघडलं तर अंधार मोडेल म्हणून."

सहादू खो खो हसत सुटला. "अंधार मोडू नये म्हनून तुमी भाईर, आन् म्या आत दिवा लावून! आपन दोघं बी येडे." मग हळूच म्हणाला, "पन चारी पिल्लं जगली व्हती, सर. लिव्हा तिला. माझं नाव बी लिव्हा, चोरी नाय केली."

सरांनी कागद ओढला. या वेळी पेन अडलं नाही.

'तुझा हात चांगला आहे. चूक माझ्या खोलीत होती.' मग सगळं, सहादूच्या नावासकट. 'लेख छापणाऱ्यांनाही आजच कळवतो आहे. म्हातारपणी मेलाटोनिन कमी पाझरत असेलही. माझ्या खारींनी ते दाखवलं नाही, एवढं खरं. ते तू शोध. सोडू नकोस. उत्तराला वर्ष लागलं, त्याचं कारण भित्रेपणा, दुसरं काही नाही.' आणि अगदी खाली, बारीक अक्षरात: 'चारही पिल्लं जगली होती.'

"द्या, जाताना टाकतो," सहादू म्हणाला.

"नको. मीच येतो."

कोपऱ्यावरच्या लाल पेटीच्या तोंडात पाकीट अर्धं गेलं आणि तिथंच थांबलं.

"सर," सहादू म्हणाला, "हात काढा की."

सरांनी हात काढला. पाकीट आत पडलं.