थोडेच, पण वेळेवर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पण मला भेटायला आलात तर आधी कपाटाचे दार उघडावे लागेल. मी एका ध्वनिमुद्रकाच्या दुकानात राहतो. सगळे त्याला भाऊ म्हणतात. लोकांचे आवाज टिपून देणे हा त्याचा धंदा. माझ्या पंख्याची घरघर त्या आवाजात मिसळू नये, म्हणून त्याने मला आतून जाड रजया ठोकलेल्या कपाटात बसवले. आत अंधार, उकाडा आणि काम. स्वस्थ बसणे माझ्या नशिबी नाही. तुमची पापणी लवते तेवढ्यात मी लाखो खेपा घालतो, आणि तरी कोणीतरी म्हणतेच, किती हळू चालतोय हा!

माझ्या पोटात पुष्कळ प्रोग्रॅम नांदतात. त्यांतल्या दोघांची ओळख करून देतो, कारण कथा त्यांचीच आहे. एक आवाज टिपणारा. माणूस बोलू लागला की हा एकेक शब्द उचलून जपून ठेवतो. त्याला थोडेच लागते, पण वेळेवर लागते. निमिषभर उशीर झाला की तो शब्द गेला. मग देवाला साकडे घातले तरी परत येत नाही. दुसरा जुन्या कॅसेटमधली खरखर पुसणारा. कामाला वाघ, पण अधाशी. जितकी मेमरी वाढाल तितकी फस्त करतो आणि रिकामे ताट पुन्हा पुढे करतो. खरे तर त्याला घाई कसलीच नाही. आजची खरखर उद्याही जागेवरच असते.

म्हणून भाऊने पहिल्याच दिवशी दोघांचे वाटे ठरवून दिले होते. खरखर पुसणाऱ्याला पाव हिस्सा, त्यापुढे कणभर नाही. टिपणाऱ्याचा वाटा राखीव, त्याला कोणी हात लावायचा नाही. त्यामुळे मी फार तापत नसे आणि पंखाही ओरडत नसे. देवाने नदीला पाणी दिले ते काठांसकट दिले, हे मला आज कळते. तेव्हा मात्र तो लगाम टोचायचा. वाटायचे, एकदा मोकळा सोडा, मग बघा!

हा झाला पूर्वरंग. आता पुढे ऐका.

एके दिवशी सकाळी भाऊच्या थोरल्या बहिणीने, ताईने, पोतेभर कॅसेट माझ्यापुढे आणून ठेवल्या. गिऱ्हाइके तीच सांभाळते. तिने एकाला संध्याकाळचा शब्द देऊन टाकला होता.

“तुझं यंत्र म्हणजे गोगलगाय,” ती भाऊला म्हणाली. “पाव हिश्शात हे काम संध्याकाळपर्यंत व्हायचं नाही. सोड की आजच्यापुरतं मोकळं.”

भाऊचा बहिणीपुढे कधीच निभाव लागत नाही. त्याने मर्यादा काढली, माझी पाठ थोपटली आणि म्हणाला, “दाखव रे, लेका!” मी फुशारून गेलो. खरखर पुसणारा उधळला. तासाभरात त्याने माझी सगळी मेमरी बळकावली.

दुपारी एक निवृत्त शिक्षिका आल्या. सोबत त्यांची लेक होती, सात महिन्यांची गरोदर. दुसऱ्या दिवशी बाईंच्या घशाची शस्त्रक्रिया होती. स्वरयंत्रच काढणार होते. येणाऱ्या नातवंडासाठी त्यांना स्वतःच्या आवाजात एक गोष्ट ठेवायची होती, आणि चार वाजता तर इस्पितळात दाखल व्हायचे होते.

“पस्तीस वर्षं मुलांना ‘गप्प बसा’ म्हणत आले,” बाई भाऊला म्हणाल्या. “आता माझी पाळी.”

भाऊ हसला, आणि त्या हसण्याच्या भरात काढलेली मर्यादा परत लावायचे विसरला.

बाई बोलू लागल्या. माझी काय तगमग झाली म्हणून सांगू! टिपणारा हात पुढे करी आणि मी म्हणे, थांब, जागा करतो. एकाचे सामान डिस्कवर नेऊन टाकायचे, दुसऱ्याचे आत आणायचे, पुन्हा बाहेर, पुन्हा आत. तोवर बाईंचा शब्द निसटलेला असे. भाऊच्या हेडफोनमध्ये त्यांचा थेट आवाज येत होता, त्यामुळे माझ्या पोटात काय साठतेय ते त्याला कळायला मार्ग नव्हता. मला दिसत होते. पण मला तोंड नाही.

वीस मिनिटांनी भाऊने मुद्रण लावून ऐकवले. “एका रा... एक म्हाता... ती रोज...” नुसत्या चिंध्या. लेकीने डोळ्यांना पदर लावला. ताई दारात उभी होती, खालच्या आवाजात म्हणाली, “माझ्या घाईनं झालं हे.” भाऊने मर्यादा परत लावली. खरखर पुसणारा मुकाट्याने आपल्या पाव हिश्शात जाऊन बसला आणि माझा जीव भांड्यात पडला. पण तोवर बाईंचा घसा बसला होता.

“आई, राहू दे आता. निघायला हवं,” लेक म्हणाली.

बाईंनी वर्गात करावे तसे बोट वर केले. “गोष्ट काय, तूही सांगशील,” त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. “मी रोजचं बोलते.”

आणि माइकजवळ सरकून त्या एकेक वाक्य बोलू लागल्या. “ऊठ बाळा, उजाडलं.” “हात धुवून ये.” “पडलं का माझं बाळ? बघू, कुठं लागलं?” “चला, जेवायला चला.” प्रत्येक वाक्यामागे दम घेत होत्या. टिपणाऱ्याने एक अक्षर सांडले नाही. ताईने कॅसेटवाल्याला फोन करून सांगितले, आज होणार नाही, उद्या या.

तीन वर्षांनी ती लेक पुन्हा दुकानात आली, मुद्रणाची आणखी एक प्रत करून घ्यायला. तिच्या बोटाला धरून एक चिमुरडी, आणि मागे घशाला रुमाल बांधलेल्या बाई. भाऊने मुद्रण लावले. “चला, जेवायला चला.” चिमुरडीने स्पीकरकडे वळूनसुद्धा पाहिले नाही. ती बाईंकडे वळली आणि म्हणाली, “आले गं आजी.”

मित्रांनो, माझे आता वय झाले. या कपाटातून मला कधी भंगारात काढतील, नेम नाही. तोवर एवढे मागणे आहे. यंत्र असो, घर असो की तुमचा स्वतःचा जीव, सगळी कामे एकदम मोकाट सोडू नका. अधाशाला मर्यादा घाला. त्याचे काही अडत नाही. आणि जो हळूच हात पुढे करतो, त्याचा वाटा आधी काढून ठेवा. त्याच्या हातात कोणाचा आवाज असेल, सांगता येत नाही.