बिनताटाचं जेवण

टेबलावर सात चिंबोऱ्या होत्या, एकोणपन्नास कोळंब्या, आठ बटाटे आणि मक्याच्या कणसाचे नऊ तुकडे. सगळं लाल, वाफाळतं आणि एकाच ढिगात. भोवती माणसं सहा, पाण्याचे ग्लास सहा, लिंबाच्या फोडींची एक वाटी. ताट एकही नव्हतं. कोळंब्या मोजायला मला भरपूर वेळ मिळाला, कारण कोणी खातच नव्हतं.

हॉटेल उल्हासनगरात, चार नंबरच्या कॅम्पात. मालक परसो सिंधी होता. सात वर्षं अमेरिकेत लुइझियानाला एका हॉटेलात स्वयंपाकी होता. मागच्या वर्षीच्या वादळात ते हॉटेल पाण्याखाली गेलं, तेव्हा तिथली शिकलेली एकच गोष्ट घेऊन तो परत आला. मसाल्याच्या पाण्यात चिंबोऱ्या, कोळंबी, मका, बटाटे एकत्र उकडायचे. पाणी निथळलं की गिऱ्हाइकासमोर इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलायचं, म्हणजे फसवल्याची तक्रार नको. आमचं भरलं तीन किलो वीस ग्रॅम. मग त्याने टोपली उचलली आणि टेबलावर अंथरलेल्या जाड कागदावर सरळ उलटी केली.

"बस, शुरू करो साईं," परसो म्हणाला. "उधर लुइझियाना के केजन लोग ऐसे ही खाते हैं. सबका हाथ एक में. प्लेट माँगो तो हँसते हैं."

दिपेशचा चेहरा उतरला. हे हॉटेल त्यानेच शोधलं होतं, पेपरात आलेल्या जाहिरातीच्या कागदावरून. आत येऊन बघितलं मात्र नव्हतं.

दिपेश आणि मी अंबरनाथच्या एका रंगांच्या कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये शेजारशेजारच्या टेबलांवर काम करायचो. दोन वर्षं तो माझ्या डब्यात जेवत होता. माझी आई, माया, त्याच्यासाठी एक भाकरी जास्त टाकायची. सुकटीची चटणी असली की तो डबा बोटाने पुसून खायचा आणि म्हणायचा, "काकूंना सांग, मी जावई नाही झालो तरी डबा बंद करू नका."

लग्नाचं बोलायची वेळ आली तेव्हा अडचण पुढे आली. आम्ही बौद्ध, ते शिरगावचे आगरी. त्याचे आईवडील आमच्या अंबरनाथ पश्चिमच्या घरी यायला तयार नव्हते आणि आम्हाला शिरगावला बोलावत नव्हते. दिपेशने मधला मार्ग काढला. "हॉटेलात बसू," तो म्हणाला. "कुणाचं घर नाही, कुणाचं भांडं नाही, कुणाच्या हातचं पाणी नाही. एकदा एकत्र जेवले ना, की बाबांना नाही म्हणायला तोंड राहणार नाही. त्याच आठवड्यात साखरपुड्याची तारीख काढतो."

भांड्याचा प्रश्न टाळायला त्याने नेमकं बिनभांड्यांचं हॉटेल निवडलं होतं.

सुरुवात वाईट झाली नव्हती. माझे वडील, महेंद्र, भेटेल त्याला जय भीम म्हणतात. सकाळी शर्टाला इस्त्री करताना आई त्यांना काहीतरी हळू आवाजात म्हणाली होती. हॉटेलच्या दारात ते हरिचंद्र काकांना, म्हणजे दिपेशच्या वडिलांना, "नमस्कार" म्हणाले. तो शब्द त्यांच्या तोंडून मला परका वाटला.

हरिचंद्र काकांनी खुर्चीत बसता बसता विचारलं, "साहेब, तुमचा मूळ गाव कुठला?"

"कराडकडचं."

"गावात घर हाय?"

"आहे. गावाच्या जरा बाहेर," पप्पा म्हणाले. दोघांनीही पाणी प्यायलं.

मग वेणू काकूंनी, दिपेशच्या आईने, काउंटरजवळच्या टबात वळवळणाऱ्या चिंबोऱ्या बघितल्या आणि एकदम खुलल्या. "अवस जवल आलीय. भरलेली असतील बघा."

"आमची आई पण अवसेच्या आधीच धरायला जायची," आई म्हणाली. "ओढ्याला. बिळात हात घालून."

"हात? आन् चावली त?"

"चावायचीच. ती म्हणायची, चावली म्हणजे आत आहे हे तरी कळलं."

वेणू काकू पदर तोंडावर धरून हसल्या. "अवो ऐकता का? चावली त कललं म्हनं!"

"ऐकलं," काका म्हणाले. "आमचे शिरगावला आता चिंबोरी कुठशी मिलंल? शेतच नाय उरला. बिल्डिंगीच बिल्डिंगी."

"जमीन तुम्हीच विकली ना बाबा," दिपेश म्हणाला.

"मंग? तुझे बाइकवर चिंबोरी बसून येनार होती का?"

सगळे हसले. मीही हसले. मला वाटलं, जमतंय.

आणि मग तो ढीग समोर आला.

"हे बरं आहे," पप्पा म्हणाले. "भांडी घासायची कटकट नाही." कोणी हसलं नाही.

मी हरिचंद्र काकांकडे बघत होते. त्यांनी खिशातून रुमाल काढून मांडीवर पसरला. मग उजव्या बाहीचं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत दुमडली. ही गोष्ट मी नीट पाहिली आहे. वेणू काकूंनी एका कोळंबीच्या शेपटीला बोट लावलं होतं.

आमच्यात चिंबोरीची मोठी नांगी पाहुण्याला देतात. पप्पांनी सगळ्यात मोठी चिंबोरी ओढली, तिची नांगी मोडली आणि काकांच्या समोर कागदावर ठेवली. "घ्या. सुरुवात तुम्ही करा."

काका नांगीकडे बघत राहिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. फार नसेल.

दिपेश उभा राहिला. "भैया, प्लेट दो ना. तीन तरी."

"प्लेट नहीं रखता. चाय की बशी है, दूँ?"

दिपेशने प्लास्टिकचं मेनूकार्ड उचललं. "गरम आहे खूप," तो आमच्याकडे न बघता म्हणाला. "जरा पसरवतो, म्हणजे निवेल." त्याने कार्डाची कड ढिगाच्या मधोमध घातली आणि अर्धा ढीग त्यांच्या बाजूला सरकवला, अर्धा आमच्या. मध्ये चार बोटांची पट्टी कोरी झाली. लॅबमध्ये तो पावडरचा नमुना असाच काचेवर घेऊन पट्टीने अर्धा करतो. हात अगदी स्थिर असतो.

पप्पांनी दिलेली नांगी त्यांच्या बाजूला राहिली होती. त्याने कार्डाच्या टोकाने ती ढकलली. नांगी पट्टी ओलांडून आमच्या बाजूला आली.

वेणू काकूंनी कोळंबीवरचं बोट काढून घेतलं.

"आणि आईचा आज उपवास आहे," दिपेश म्हणाला. "मी विसरलोच होतो."

"रविवारचा?" काकू म्हणाल्या.

"आई."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "हां. हाय. उपास हाय."

"बाबांना ॲसिडिटी आहे. तिखट चालत नाही."

हरिचंद्र काकांनी बाही खाली केली आणि बटण लावलं. त्यांनी मुलाला खोडून काढलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काही होतं की ओशाळल्यासारखं, हे मला ओळखता आलं नाही.

"तुझा कसला उपवास?" मी दिपेशला विचारलं.

"मैत्रेयी, इथे नको."

"शुक्रवारी सुकट खाल्लीस. डबा पुसून."

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

तो माझ्याकडे झुकला. "बाबा उठून गेले असते. तुला कळत कसं नाही? ते उठायच्या आत मी सांभाळून घेतलं. तुमचाच अपमान झाला असता."

"ते बाही दुमडत होते."

"तुला त्यांची माहिती नाही."

नसेल. पण आता ती कधी मिळणारही नव्हती. चाचणीत रंग बदलायच्या आतच त्याने नमुना बेसिनमध्ये ओतला होता.

"माझा काही उपवास नाही," आई म्हणाली. तिने ती परत आलेली नांगी उचलली, दाढेखाली धरून फोडली आणि आतलं मांस नीट काढून खाल्लं. मग त्याच चिंबोरीचे पाय एकेक करून. मग पाठ उघडून आतलं. घाई केली नाही. टेबलावर फक्त तिचाच आवाज होता. कवचं तिने ग्लासशेजारी रचून ठेवली. "भरलेली आहे," ती वेणू काकूंना म्हणाली. "तुमचं खरं होतं."

काकूंचे डोळे भरले.

पप्पांनी काही खाल्लं नाही. मी खाल्लं नाही. दिपेशने एक कोळंबी सोलली आणि सोललेली तशीच कागदावर ठेवून दिली.

"फोनवर बोलू मंग," हरिचंद्र काका उठत म्हणाले.

पप्पाही उठले. "जय भीम," ते म्हणाले, नेहमीच्या आवाजात. काकांनी मान हलवली आणि दाराकडे वळले. दिपेश त्यांच्या मागून गेला. दारात थांबून त्याने हाताने खूण केली, संध्याकाळी फोन करतो अशी. मी बघितलं, पण मान हलवली नाही.

परसो हात पुसत आला. "खाया नहीं किसी ने? मसाला ज्यादा हो गया क्या?"

"मसाला बरोबर होता," पप्पा म्हणाले.

"पार्सल कर दूँ? दोनों साइड का अलग-अलग?"

"एकत्र करा," आई म्हणाली. "एकाच पिशवीत."

त्याने दोन्ही ढीग हातांनी एकत्र ओढले. मधली पट्टी भरून गेली. दिपेशने सोललेली कोळंबीही त्यातच गेली आणि तिचं सालही. आईने रचलेली कवचं तेवढी त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकली.

काउंटरवर काटा रिकामाच होता. मी तो शून्यावर आणला, पिशवी वर ठेवली आणि आकडे थांबायची वाट पाहिली.

दोन किलो आठशे दहा ग्रॅम. आणलं तेव्हापेक्षा दोनशे दहा कमी.