गरजूंचा गट

वेणीमाधवरावांच्या टेबलाचा खालचा खण सहा वर्षं उघडत नव्हता. आत बड्या लोकांच्या शिफारशीच्या चिठ्ठ्या होत्या, 'पत्र घेऊन येणाऱ्याच्या मुलाची फी माफ करावी' अशा. किती म्हणाल, तर दोन घुशींनी त्या कुरतडून आत चार खोल्यांचा संसार थाटला होता आणि तिसरीला पोटभाडेकरू ठेवलं होतं.

शाळा आडगाव नाक्याच्या पुढची, इंग्रजी माध्यमाची. वेणीमाधवराव तिथले हेडक्लार्क. यंदा फी गोळा करायला सॉफ्टवेअर आलं आणि मुलांचे गट पाडायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. गटाला फी ठरवून दिली की पालकांच्या मोबाइलवर आकडा आपोआप जाणार. पण संस्थेचे अध्यक्ष खंडेराव अण्णा यांनी सगळ्यात स्वस्तातलं पॅकेज घेतलेलं. त्यात गट बाराच.

"लिहा भाऊसाहेब," अण्णा खुर्चीत रेलले. "पहिला, पूर्ण फीवाले. दुसरा, सरकारी पंचवीस टक्के राखीव जागांतले, ते कायद्याला घाबरून. आता आपली माणसं. भाचे-पुतणे. व्याही. व्याह्यांचे व्याही. नगरसेवकांचा शब्द. मठाचा शब्द. प्लॉटवाले. सराफ. बँकेचे संचालक. द्राक्षबागेला औषध पुरवणारा. निवडणुकीला गाड्या देणारे. या दहाही गटांना फी शून्य."

"सगळ्यांना शून्यच, तर एकच गट करू ना?"

"खुळे की काय? मठवाल्यांना सराफांत बसवलं तर रुसतील. ज्याची त्याची पाटी वेगळी पाहिजे."

"मग कर्मचाऱ्यांची मुलं? विठाबाईची नात आहे, तेजस्विनी. तिसरीत. आजवर फी माफ होती."

"बारा संपले. भरू दे पूर्ण, नाहीतर महापालिकेच्या शाळेत घाला म्हणावं."

"दोन हजारांत तेरावा गट मिळतो, अण्णा."

"तेरावा कुणाचा घालायचाय? दोन हजार म्हणे!" अण्णांनी दातातली सुपारी काढून टेबलावरच टेकवली आणि गेले.

वेणीमाधवरावांनी ती तिथेच राहू दिली. विठाबाई पेठ तालुक्यातली. बावीस वर्षं ही शाळा झाडत होती. पगार नऊ हजार, पूर्ण फी बेचाळीस हजार. पोरीचं नाव कटणार, हे उघडच होतं.

त्यांनी दहा पाट्या पुसल्या. त्या जागी एकच गट लिहिला : 'गरजू'. सगळ्या भाच्यांना, व्याह्यांना, सराफांना त्यात कोंबलं आणि संदेश पाठवून दिला, 'प्रिय पालक, आपल्या पाल्याची नोंद गरजू गटात झाली आहे. शुल्क : शून्य.'

हिशेब सोपा होता. उद्या ही मंडळी लाजेनं लाल होऊन येतील, आम्हाला गरजू म्हणता का म्हणतील, आणि अब्रूसाठी बेचाळीस हजार आदळून जातील. एवढा पैसा आला, की विठाबाईच्या नातीच्या माफीवर कोण कशाला डोळा ठेवील?

सकाळी दहाला गाड्यांची रांग लागली. ती एवढी लांब, की पुढच्या गाडीचा हॉर्न फाटकात वाजायचा आणि शेवटची ओझरच्या विमानतळावर पार्किंगची पावती फाडायची.

सराफ पहिले आत शिरले. पाच बोटांत सहा अंगठ्या.

"भाऊसाहेब, गरजूंना दप्तरही मिळतं ना?"

"मिळतं," वेणीमाधवराव पुटपुटले.

"आणि बूट? आमच्याला दोन जोड लागतील. दाखला हवा तर आहे बरं का." उत्पन्नाचा दाखला लॅमिनेट करून गाडीतच ठेवलेला होता. वर्षाचं उत्पन्न छत्तीस हजार.

मागून प्लॉटवाले ओरडले, "ओ शेठ, एकट्यानं खाऊ नका! आमचं तीस हजार आहे, आम्ही जास्त गरजू!"

"अहो, आमच्याकडे तर उत्पन्नच नाही," असं म्हणत मठवाले दोघांच्या मधून घुसले.

लाज नावाची चीज एकाच्याही तोंडावर नव्हती. अत्तर, घाम आणि नव्या गाडीच्या सीटचा वास एक होऊन अंगावर येत होता. वेणीमाधवरावांनी खिडकी उघडली, तर बाहेरही तेच उभे.

अण्णा मात्र खुशीत. "झकास केलंत! एवढे गरजू म्हटल्यावर देणग्या मागता येतील. त्या विठाबाईच्या नातीलाही टाका यातच. मन मोठं पाहिजे."

पोरगी वाचली होती. पण दारात झाडू घेऊन उभ्या विठाबाईनं मान हलवली.

"नाय भाऊसाहेब. ह्यांच्या रांगेत माझी पोर नाय उभी करायची."

"अगं, फी माफ होतेय!"

"व्हऊ दे. पण मी हितं काम करते म्हणून व्हऊ दे. ह्यांच्यासंगं भीक म्हणून नको. लय घाण वाटते वो."

वेणीमाधवरावांनी तिच्यासमोरच नवा गट काढला, 'कर्मचारी : झाडू', फी शून्य, आणि त्यात तेजस्विनीचं नाव घातलं. अण्णा मागून डोकावले.

"म्हणजे गट उरलेत की! माझ्या साडूचा साडू कळवणला..."

"एक मिनिट, अण्णा."

त्यांनी भराभर टाइप केलं. 'कर्मचारी : घंटा'. 'कर्मचारी : पाणी'. 'कर्मचारी : बस'. 'कर्मचारी : फाटक'. 'कर्मचारी : माळी'. 'कर्मचारी : शिकवणारे'. 'कर्मचारी : ग्रंथालय'. शेवटी 'कर्मचारी : कारकून'. प्रत्येकात शून्य फीवर ज्याचं त्याचं लेकरू बसवलं.

"बारा भरले," ते म्हणाले. "ज्याची त्याची पाटी वेगळी."

अण्णा पडद्यावरचे गट बोटानं मोजू लागले. विठाबाईनं टेबलावरची सुपारी केरसुणीच्या टोकानं खाली पाडली आणि अण्णांच्या पायाजवळून केर काढायला लागली.