सुदीची जागा

“याच्यापुढं बोट जायची नाही,” म्हणत मसुदीनं इंजिन बंद केलं. “ओहोटी जास्तच लागलीय. खडक वर आलाय बघ. तळ फाटला तर तिघंही इथंच.”

किंदुनी बेट समोरच होतं. शिमोनीच्या धक्क्यावर मासे तळून विकणाऱ्या मिशीनं पर्यटकांनी भरलेल्या अशा कितीतरी पॉवरबोटी जाताना पाहिल्या होत्या. आज तिनं अख्खी बोट ठरवली होती, आईसाठी, म्वानातुमूसाठी. शिडाच्या होडीतला दिवसभराचा प्रवास तिच्या म्हाताऱ्या पाठीला झेपला नसता.

म्वानातुमू या बेटावरच नांदली होती. विहिरीचं पाणी खारट झालं आणि वस्ती उठली. तिचा थोरला, अंगावर पितानाच गेलेला सुदी, तेवढा मातीत इथंच राहिला. आता तिला दिसत नव्हतं, पण एकदा त्याच्यापाशी बसायचं होतं.

“पुढच्या आठवड्यात आणतो तुम्हाला,” मसुदी म्हणाला.

“तोवर आई राहील, असं लिहून देतोस?”

मिशीनं कमरेला गुंडाळलेला कांगा वर खोचला आणि ती पाण्यात उतरली. “आई, पाठीवर ये.”

“मी काय पोतं आहे?”

“पोतं गप्प तरी बसतं.”

मसुदीनं हसत म्हातारीला तिच्या पाठीवर दिलं, नांगर टाकला आणि तोही मागोमाग निघाला. प्रवाळ शेवाळलेला होता. मध्येच मिशीचा पाय घसरला, गुडघा सोलून निघाला. “टेकव मला जरा,” आई म्हणाली. “किनाऱ्यावर टेकवीन,” म्हणून मिशी चालतच राहिली.

किनारा मात्र होता तिथं उरला नव्हता. ज्या गोरखचिंचेखाली सुदीला पुरलं होतं, ती मुळं वर करून पाण्यात आडवी पडली होती. कबरीभोवतीचे दगड कुठंच नव्हते. मसुदीनं वाळूतला एक पांढरा दगड उचलला आणि म्हातारीच्या हाताकडे खूण केली, कबरीचा म्हणून हाच देऊ का? मिशीनं मान हलवली. नाही.

“आई, समुद्रानं नेलं गं. झाडही पडलंय. सुदीची जागा पाण्यात गेलीय.”

म्वानातुमूनं लाटांच्या आवाजाकडे तोंड वळवलं.

“किती पाण्यात?”

“गुडघाभर.”

“मग तिथंच बसव मला.”

मिशीनं तिला झाडाच्या बुंध्याजवळ बसवलं. पाणी कमरेपर्यंत आलं. म्हातारीनं तळाच्या वाळूत बोटं रुतवली, ओठांतल्या ओठांत फातिहा म्हटली. मग म्हणाली, “फार रडका होता. पाण्यात बसवलं की गप्प व्हायचा.”

हे मिशीनं कधी ऐकलं नव्हतं.

हळूहळू भरती लागली. “आता बोट इथवर येईल, घेऊन येतो,” मसुदी म्हणाला.

“आण. पण सावकाश आण,” मिशी म्हणाली.

लाटा म्हातारीच्या छातीवर येऊ लागल्या. ती डुलायला लागली, तशी मिशी तिच्या मागं पाण्यात बसली आणि तिच्या पाठीला आपले दोन्ही गुडघे लावून तिला ताठ धरून राहिली.